गिलरेच्या बाजूनं: मित्रास पत्र

पुणे
रविवार

प्रिय दिग्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘सरकारकडून पेन्शन घेणारा माणूस व्यंगचित्रकार कसला? तो तर सरकारचा जाहिरातवाला,’ एवढं अठराव्या शतकातल्या लंडनच्या जेम्स गिलरेबद्दल लिहून तू पुढच्या विषयाकडं वळलास. मला मात्र तिथून पुढं जाता आलं नाही. तू वर्तमानपत्रासाठी आयुष्यभर रेघा ओढल्यास, मी एचिंगच्या, म्हणजे आम्लानं कोरलेल्या चित्रांच्या, प्लेटा घासत आलो. या माणसाबद्दल तू आणि मी दोन टोकांना असणं मला खुपतं. म्हणून आज सगळं सविस्तर लिहितो.

तुझं खरं आहे ते आधी मान्य करतो. १७९६ च्या सुरुवातीला प्रिन्स ऑफ वेल्सला मुलगी झाली. त्यावर गिलरेनं एक चित्र काढलं. नवजात येशूच्या दर्शनाला आलेल्या ज्ञानी पुरुषांच्या प्रसंगावर ते बेतलेलं होतं, आणि त्यात विरोधी पक्षाचे पुढारी फॉक्स आणि शेरिडन बाळापुढं लाळघोटेपणा करताना दाखवले होते. त्यावरून धर्मनिंदेचा आरोप येऊन त्याला अटक झाली. पुढं खटला चालला नाही. जॉर्ज कॅनिंग हा पंतप्रधान पिटच्या गोटातला तरुण, महत्त्वाकांक्षी माणूस. त्याच्या मध्यस्थीनं १७९७ पासून गिलरेला वर्षाला २०० पौंड सुरू झाले आणि १८०१ मध्ये पिट पायउतार होईपर्यंत ते मिळत राहिले. या काळात त्यानं फॉक्सवर आणि फ्रेंच क्रांतीशी सहानुभूती असणाऱ्या इंग्रजांवर जे काही काढलं त्यात पैशाचा वाटा होता. हे मी नाकारत नाही.

पण विकला गेलेला चित्रकार कसा असतो ते पाहायचं तर जेम्स सेयर्सकडं बघ. १७८३ मध्ये फॉक्सनं ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार पार्लमेंटनं नेमलेल्या मंडळाकडं नेणारं विधेयक आणलं. त्यावर सेयर्सनं ‘कार्लो खान’ हे चित्र काढलं. फॉक्स हिंदुस्थानी बादशहाच्या थाटात हत्तीवरून लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या कचेरीच्या रस्त्यावर येतोय, हत्तीला तोंड आहे त्याचा साथीदार लॉर्ड नॉर्थचं, आणि पुढं एडमंड बर्क तुतारी फुंकतोय. आपल्या देशाचं भवितव्य ठरवणारं विधेयक लंडनकरांनी असं पाहिलं. ते लॉर्ड्सच्या सभागृहात पडलं, मंत्रिमंडळ गेलं आणि चोविशीतला पिट पंतप्रधान झाला. सेयर्सला पुढं सरकारी पद मिळालं. त्याची रेघ मात्र पाहा. ताठ, कोरडी. कल्पना संपली की चित्रही संपतं. तुझं वाक्य सेयर्सला लाव, मी एक शब्द बोलणार नाही.

गिलरे वेगळ्या मुशीतला. जन्म १७५६, चेल्सीचा. बाप सैनिक, फाँटेनॉयच्या लढाईत एक हात गमावलेला. घर मोरेव्हियन पंथाचं, कडक धार्मिक. पोरवयात तो अक्षरं कोरणाऱ्या एका कारागिराकडं उमेदवारीला होता, नंतर रॉयल अकादमीच्या शाळेत शिकला. त्याच्या छापांतलं अक्षर बघशील तर ती उमेदवारी दिसेल. तांब्यावर सगळं उलटं कोरायचं असतं हे तुला माहीत आहे. जेजेत आपल्याला सही उलटी लिहिताना घाम फुटायचा. हा माणूस पात्रांच्या तोंडून निघणारे फुगे, मजकुराच्या ओळी, खालची वळणदार शीर्षकं, सगळं आरशातलं लिहित असे. पार्लमेंटमध्ये जाऊन छोट्या पुठ्ठ्यांवर चेहरे टिपून आणायचे आणि मग मेण लावलेल्या पत्र्यावर बऱ्याचदा थेट सुई चालवायची. आम्लात बुडवलं की रेघ पक्की. राळेची भुकटी टाकून अॅक्वाटिंटचा करडा थर. छाप निघाले की हातानं रंग भरायचा.

दुकान हॅना हम्फ्री या बाईंचं. गिलरे त्यांच्याच घरात राहायचा, आणि दुकान बदललं तसा त्यांच्याबरोबर बदलला. १७९७ पासून पत्ता सेंट जेम्स स्ट्रीट, नंबर २७. राजवाडा हाकेच्या अंतरावर आणि दोन्ही पक्षांचे क्लब त्याच रस्त्यावर. ज्यांची चित्रं काढायची तीच माणसं खिडकीसमोरून जायची. साधा छाप एक शिलिंग, रंगीत दोन, मोठे त्याहून महाग. शेतमजुराला आठवड्याला आठ-दहा शिलिंग मिळत त्या दिवसांत हे आवाक्यातलं नव्हतं. त्यामुळं विकत घेणारे बहुतेक वरचे. पण काचेला लावलेली चित्रं फुकट होती आणि खिडकीशी सगळ्या थरांतली माणसं उभी राहायची. १८०८ च्या ‘व्हेरी स्लिपी वेदर’ या छापात ती खिडकी आहे. पुढं फुटपाथवर एक म्हातारा घसरून आपटलाय आणि मागं काचेला चिकटलेल्या गर्दीतल्या कुणालाच त्याचा पत्ता नाही. एस. डब्ल्यू. फोर्स हा पिकॅडिलीतला दुकानदार तर चित्रांचे गठ्ठे एका संध्याकाळपुरते भाड्यानं द्यायचा. पाहुण्यांसमोर ते चाळत बसायचे, हीच करमणूक.

आता माझा मुद्दा. १७९२ च्या जूनमधलं एक चित्र घे. पॅरिसमध्ये लुई अजून नावापुरता राजा आहे, पण त्याचं काय होणार हे लंडनला दिसायला लागलंय. गिलरेनं इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज काढला, एकटाच. हातात एक छोटंसं व्यक्तिचित्र आहे आणि ते तो डोळ्यांशी नेऊन न्याहाळतोय. व्यक्तिचित्र कुणाचं? ऑलिव्हर क्रॉमवेलचं! १६४९ मध्ये इंग्लंडच्या राजाचं मुंडकं उडवणाऱ्यांचा म्होरक्या. आणि राजाच्या दुसऱ्या हातात मेणबत्ती, ती पार खाली जळत आलेली, शेवटचा तुकडा वाया जाऊ नये म्हणून खिळ्यावर टोचलेली. राजाचा चिक्कूपणा आणि राजाची भीती एकाच उजेडात. हे काढायला केवळ धाडस पुरत नाही, नजर लागते. पुढच्याच महिन्यात त्यानं युवराजाला जेवून तर्र झालेला, काट्यानं दात कोरत खुर्चीत पसरलेला दाखवला, भोवती न भरलेली बिलं. त्याच्या जोडीला राजा-राणीचं काटकसरीचं जेवण: राजा उकडलेलं अंडं खातोय, राणी तोंडात पालेभाजी कोंबतेय.

तेव्हा पेन्शन नव्हती, असं तू म्हणशील. बरोबर. म्हणूनच त्या काळात त्यानं क्रांतीबद्दल काय काढलं तेही पाहायला हवं. १७९२ च्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पॅरिसच्या तुरुंगांत कत्तली झाल्या. २० सप्टेंबरला गिलरेचं चित्र दुकानात लागलं. दिवसभराच्या ‘कामा’नंतर सान्स-क्युलोत, म्हणजे पॅरिसच्या गरीब क्रांतिकारकांचं, कुटुंब जेवायला बसलंय, ताटात माणसं. आजी चुलीवर मूल भाजतेय, खाली बसलेली पोरं टोपातून आतडी ओरपतायत. हे चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते अनेक दिवस सोडून जाईना. ते अन्यायी आहे, एका शहराच्या अख्ख्या गरीब वर्गाला राक्षस ठरवणारं आहे, आणि ते पैसे घेऊन काढलेलं नाही. त्याला खरंच भीती वाटली होती. तुझ्या तर्काची अडचण इथं आहे, दिग्या. त्याची सगळ्यात भयंकर क्रांतिविरोधी चित्रं पेन्शनच्या आधीची आहेत. लुईला २१ जानेवारी १७९३ ला मारलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी आलेल्या चित्रात दिव्याच्या खांबावर बसून क्रांतिकारक फिडल वाजवतोय, खाली गिलोटिन, मागं जळणारं चर्च. तेही पेन्शनच्या चार-पाच वर्षं आधीचं.

त्या वर्षांत दुसरीकडं काय चाललं होतं ते पाहा. १७९२ च्या नोव्हेंबरात क्राउन अँड अँकर या खाणावळीत एक राजनिष्ठ संघटना निघाली. तिनं रोलंडसन या व्यंगचित्रकाराचं ‘द काँट्रास्ट’ हे चित्र वाटलं. एका वर्तुळात शांत, भरल्या अंगाची ब्रिटिश स्वातंत्र्यदेवता, दुसऱ्यात त्रिशूळावर मुंडकं मिरवणारी फ्रेंच, आणि खाली प्रश्न, यातलं चांगलं कोणतं? हा प्रचार. आता त्याच डिसेंबरातलं गिलरेचं ‘फ्रेंच स्वातंत्र्य, ब्रिटिश गुलामगिरी’ शेजारी ठेव. हाडाची काडं झालेला फ्रेंच माणूस कच्ची कांद्याची पात चावतोय आणि स्वातंत्र्याचे गोडवे गातोय. जाडजूड इंग्रज गोमांसाचा डोंगर कापतोय आणि करांच्या नावानं ओरडतोय, आम्हाला उपाशी मारलं म्हणून. संघटनेला हवा होता तो इंग्रज आनंदी, कृतज्ञ. गिलरेचा इंग्रज तोंड भरलेला, तरी रडणारा. फ्रेंच माणूस खोट्यात जगतोय आणि इंग्रजही. पाठीराख्याला खूश करणारं चित्र असं नसतं.

तीच गोष्ट १७९६ च्या ‘फ्रेंच स्वारीची भाकीत केलेली भयानकता’ची. सेंट जेम्स स्ट्रीट, टोकाला राजवाडा पेटलेला, फ्रेंच सैन्य चाल करून येतंय, टोरी, म्हणजे पिटच्या बाजूच्या, क्लबच्या सज्जावरून राजपुत्र खाली फेकले जातायत. आणि अगदी मध्यभागी पिटला खांबाला बांधलंय, कमरेवर उघडा, आणि फॉक्स त्याला चाबकानं फोडतोय. चित्राचा हेतू सरकारच्या बाजूचा. पण त्या चाबकाच्या फटक्यात चित्रकाराचा हात किती रमलाय ते बघ! पंतप्रधानाची काटकुळी पाठ त्यानं आवडीनं काढली आहे. चाबूक फॉक्सच्या हातात आहे म्हणून फॉक्स दोषी, पण फटके पाहायला मिळाले म्हणून अर्धं लंडन खूश झालं असणार. इथं माझा मित्र म्हणून तुला प्रश्न आहे: संपादकानं सांगितलेला विषय घेऊन बसल्यावर हात आपल्या मनाप्रमाणं वागला, असं तुझं कधी झालं नाही?

हिंदुस्थानचं एक चित्र तुला दाखवायलाच हवं, त्याची दुसरी बाजू आपल्याकडं आहे. १७९१ च्या मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणपर्यंत पोचला, पण पाऊस, मेलेले बैल आणि धान्याची टंचाई यांमुळं त्याला मोठ्या तोफा नष्ट करून मागं फिरावं लागलं. बातमी जहाजानं लंडनला जाईपर्यंत वर्ष संपत आलं, आणि ६ डिसेंबरला गिलरेचा छाप निघाला: कॉर्नवॉलिस जिवाच्या आकांतानं पळतोय आणि टिपू तटावरून त्याच्या दिशेनं मुततोय. इंग्रजांच्याच गव्हर्नर जनरलवर! त्याच माघारीत कॉर्नवॉलिसच्या उपाशी फौजेला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांची मराठी सैन्यं येऊन मिळाली, आणि मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारानं इंग्रजांना धान्य मिळालं, महागात का होईना. पाठ्यपुस्तकात आपण हे तहाच्या कलमांसारखं पाठ केलं. त्या चित्रात ते पहिल्यांदा मला घडलेल्या गोष्टीसारखं वाटलं.

पेन्शन बंद झाल्यावरचं सर्वांत प्रसिद्ध चित्र तुला माहीतच आहे, २६ फेब्रुवारी १८०५ चं, पृथ्वीच्या पुडिंगचं. नेपोलियननं जानेवारीत समेटाचं पत्र पाठवलं होतं. टेबलाच्या एका बाजूला तो, खुर्चीतून उठून युरोपचा तुकडा कापतोय. समोर पिट, शांतपणे अटलांटिक महासागर कापून घेतोय. नेपोलियनचा आवेश मोठा, पिटचा घास मोठा. पिट काट्याऐवजी त्रिशूळ वापरतोय हे नीट बघ. पुढच्या दोनशे वर्षांत किती चित्रकारांनी हे जेवण पुन्हा मांडलं! आणि नेपोलियन ठेंगू होता हा जगाचा समज. तो तर त्या काळच्या माणसांत सर्वसाधारण उंचीचा होता. पण गिलरेनं आदळआपट करणारं ‘लिटल बोनी’ हे पोर एकदा काढलं आणि तेच उरलं.

शेवट फार वाईट झाला त्याचा. १८०६ नंतर डोळे जायला लागले. ज्याचं आयुष्य सुईच्या टोकावर होतं त्याचे डोळे! १८११ पर्यंत मन पूर्ण ढळलं, माळ्याच्या खिडकीतून उडी घेण्याचा प्रयत्न केला. हम्फ्रीबाईंनी त्याला शेवटपर्यंत सांभाळलं. १ जून १८१५ ला गेला, वॉटर्लूच्या सतरा दिवस आधी.

तरीही तू म्हणशील, पैसे न घेता, न घाबरता काढणारा कुणी होता का? होता, आणि तो तुझा माणूस आहे. रिचर्ड न्यूटन. विल्यम हॉलंड या दुकानदारासाठी काढायचा, पोरवयात. राजेशाहीविरोधी लेखक टॉमस पेनचं लिखाण विकल्याबद्दल १७९३ मध्ये हॉलंडला न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं, तर सोळा वर्षांच्या न्यूटननं त्या तुरुंगातल्या राजकीय कैद्यांचा आणि भेटायला येणाऱ्यांचा फेरफटका काढला, प्रेमानं, एकेक चेहरा ओळखू येईल असा. १७९८ च्या मार्चमध्ये त्यानं ‘ट्रीझन’ काढलं: जॉन बुल, म्हणजे सामान्य इंग्रजाचं प्रतीक, राजाच्या चित्राकडं पाठ करून पादतोय, आणि पिट त्याला सांगतोय, हा राजद्रोह आहे! ते वर्ष सरायच्या आत न्यूटन वारला. वय एकवीस.

न्यूटनच्या रेघेत गिलरेचं बळ नाही, हे माझं मत. पण ते तू स्वतः पाहून ठरव. ब्रिटिश म्युझियमनं आपला संग्रह ऑनलाइन खुला केलाय, छाप जवळ आणून पाहता येतात. आधी क्रॉमवेलचं चित्र उघड आणि फक्त मेणबत्तीजवळच्या रेघा बघ. मग न्यूटनचं ‘ट्रीझन’. नंतर मला भांडायला लिही; मी वाट बघतोय.

तुझा,
श्री.