वळचणीचीही घरपट्टी? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : उपग्रहाने मोजलेल्या छपरावर लावलेल्या घरपट्टीबाबत

स.न.वि.वि.

मी रायगड जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या एका छोट्या गावचा करदाता. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव ठेवून लिहितो.

मंगळवारी घरपट्टीचं बिल आलं, गेल्या वर्षीच्या दुपटीचं. वर दरमहा २ टक्के शास्ती. का, तर वाढीव रक्कम मी भरली नाही. ती भरली नाही कारण वाढीव आकारणीवरच्या सुनावणीत घरपट्टीचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "काका, पावसाळा संपू दे, माणूस पाठवतो, टेप लावून मोजू. तोवर जुनीच पट्टी भरा." पावसाळा संपला. माणूस काही आला नाही, बिल आलं.

चौकशी केली तेव्हा कळलं की घर आधीच मोजून झालंय, आकाशातून. उपग्रहाचा फोटो आणि कृत्रिम बुद्धिमत्ता. माझं घर कौलारू, भिंतीपासून भिंतीपर्यंत ३० बाय २५, म्हणजे ७५० चौरस फूट. पण इथला पाऊस झोडपतो म्हणून आजोबांनी चारही बाजूंनी अडीच फूट वळचण काढली. वरून बघाल तर ३५ बाय ३०, म्हणजे १०५०. एक वीट न लावता घर ४० टक्के वाढलं! त्या वळचणीला माझी सायकल असते, लाकडं असतात आणि एक मांजर.

पुढे आणखी एक ओळ : "विनापरवाना शेड, २८८ चौ. फूट." दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी बायकोने ओळखलं. मे महिन्यात धाकटीच्या लग्नाला अंगणात मांडव घातला होता, बारा बाय चोवीस. मांडववाल्याने तिसऱ्या दिवशी सोडून नेला, यंत्राने मात्र तो कायम केला. (मला एसटीत कायम व्हायला किती वर्षं लागली ते विचारू नका.)

पुण्याला नकाशांच्या कामात असलेला भाचा सांगतो, उपग्रहाच्या साध्या कॅमेऱ्याला ढगातून दिसत नाही, म्हणून कोकणातले फोटो उन्हाळ्या-हिवाळ्यातले. म्हणजे नेमके मांडवाचे आणि वाळवणाचे दिवस. चांगल्यातल्या चांगल्या फोटोत एक ठिपका जवळजवळ फुटाचा. चारही कडांना एकेक ठिपका सरकला की माझ्या छपरात १३४ चौरस फुटांचा फरक पडतो. एवढ्यात आमची एक खोली होते.

साहेब, बत्तीस वर्षांत मी गाडीचा टप बघून तिकिटं फाडली नाहीत. आत जाऊन डोकी मोजली, धक्के खात.

गावठाणं मोजायला स्वामित्व योजनेत ड्रोन उडतात, तिथे आधी लोकांना उभं करून हद्दी चुन्याने आखतात. हे २०२० पासून चालू आहे, म्हणजे रीत माहीत नाही असं नाही. आमच्या आळीत चाळीसेक घरं, त्यातल्या पस्तिसांना तरी वाढीव बिल आहे. मी दारोदार फिरून मोजलं नाही, पण तुमच्या यंत्राएवढा तरी चुकलो नसेन.

आणि आता खरं दुखणं. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. माझी अर्धी कौलं शेजाऱ्याच्या वाडीत पडली. पंचनाम्याला माणूस चौदाव्या दिवशी आला. पडझड किमान १५ टक्के असेल तरच मदत, म्हणून आधी वाद त्या टक्क्यांवर. म्हणाला, फोटो दाखवा. वीज नाही, मोबाईल भिजलेला, दाखवू काय? तेव्हा जमिनीचे बारीक फोटो काढणारा इस्रोचा उपग्रह कार्टोसॅट-३ वर जाऊन सहा महिने झाले होते. ढग पांगल्यावर तरी कुणी वरून बघून म्हणालं का, की या आळीवर छपरं उरली नाहीत? छप्पर उडालं तेव्हा पुरावा मी द्यायचा. छप्पर जागेवर आलं की पुरावा आकाशातून येतो, आणि तो खोटा पाडायलाही पुन्हा मीच. रेशनच्या अंगठ्यापासून पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यापर्यंत हेच. मी जिवंत आहे हे दरवर्षी मी सिद्ध करतो. मांडव मेला हे कोणासमोर सिद्ध करू?

यंत्र वापरू नका असं मी म्हणत नाही. कुणी मजला चढवला, कुणी लॉज बांधून घर दाखवलं, ते खुशाल शोधा. पण संशय यंत्राने घ्यावा आणि आकारणी टेपने व्हावी. बिलावर फोटोची तारीख छापा. आमची शास्ती मोजणी होईपर्यंत थांबवा.

माणूस पाठवणार असाल तर टेप माझ्याकडे आहे, तीस मीटरची. पावसातही चालेल. छत्री आणि चपला वळचणीला ठेवू द्या त्याला, तिथलं भाडं मी भरतोच आहे.

आपला,
एक करदाता
(मांडवासह १३३८ चौ. फूट)