गटप्रकल्पाचे गुण प्रत्येकाला वेगळे हवेत

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

विद्यापीठीय अंतर्गत मूल्यमापनात वर्गाबाहेर करावयाच्या गटप्रकल्पांना हल्ली बरेच वजन मिळते. मिळून काम करणे, मतभेद मिटवणे हे विद्यार्थ्यांनी शिकलेच पाहिजे, त्यामुळे प्रकल्पांबद्दल माझी तक्रार नाही; अहवाल पाहून ठरवलेले गुण गटातील सर्वांच्या नावापुढे जसेच्या तसे मांडण्याची पद्धत मात्र मला अन्यायाची वाटते.

अध्यापनाच्या काळात तपासलेला एक अहवाल अजून डोळ्यांसमोर आहे. मांडणी नेटकी, निष्कर्ष नेमके. तोंडी परीक्षेत एका विद्यार्थ्यापुढे त्यातलाच आलेख ठेवून मी आडव्या अक्षावर काय दाखवले आहे, एवढेच विचारले. तो शेजारच्या मुलीकडे पाहू लागला आणि तिने, त्याला सांभाळून घेत, हळूच उत्तर सांगितले. बाकीच्या तिघांचे भाग वेळेत न आल्याने सगळे लेखन तिनेच रात्री जागून केले होते, हे नंतर कळले. वर्षभर त्याच वर्गात बसायचे असल्याने तिने तक्रार केली नव्हती. नियमानुसार मला चौघांनाही सारखेच गुण द्यावे लागले.

याचा दोष केवळ आळशीपणावर ढकलता येत नाही. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोर ओढण्याच्या प्रयोगांत माणसे वाढत गेली तसतसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला आणि आठ जणांच्या गटात तो जवळपास निम्म्यावर आला. ताळमेळ नसणे हे त्याचे एक कारण होते. परंतु आपला वाटा वेगळा मोजला जाणार आहे हे ठाऊक असले की ही ढिलाई कमी होते, असे नंतरच्या मानसशास्त्रीय प्रयोगांत आढळले. वर्गाबाहेरच्या कामात तर हा वाटा शिक्षकाला दिसतच नाही. शिवाय नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला गटाच्या बैठकांची वेळ साधत नाही, आणि त्याच्यावर कामचुकारपणाचा शिक्का मात्र लगेच बसतो.

म्हणून निम्मे गुण तरी वैयक्तिक असावेत. कोणी काय केले याची आठवड्याची नोंद, सहकाऱ्यांनी गोपनीयपणे दिलेला अभिप्राय आणि प्रत्येकाची दहा मिनिटांची स्वतंत्र तोंडी परीक्षा यांवरून ते ठरवता येतील. गोपनीय अभिप्रायात मैत्री वा राग उतरतो हे खरे, त्यामुळे केवळ त्यावर गुण कापू नयेत. मोठ्या वर्गांत तोंडी परीक्षेला वेळ लागेल. तो वेळ शिक्षकांच्या कार्यभारात धरण्याची तरतूद विद्यापीठांनी पुढील सत्रापूर्वी करावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका