उजळलेली पेशी आणि कॅल्शियमचा आकडा

संपादक महोदय,

विज्ञान पुरवणीतील लेख वाचून असे वाटते, की पेशीत रंग घातला की कॅल्शियमचे संदेश दिसू लागतात. प्रत्यक्षात निम्मे काम रंग नीट भरण्याचेच असते.

रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन आणि सहकाऱ्यांनी १९८५मध्ये मांडलेला फ्युरा-२ हा कॅल्शियम धरला की चमक बदलणारा रंग घ्या. तो ३४० व ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने आळीपाळीने उत्तेजित करून ५१०च्या आसपास चमक मोजतात. दोन्हींचे गुणोत्तर घेतल्याने पेशीची जाडी आड येत नाही. पेशी मात्र काचेवरच वाढवाव्यात. साधी प्लास्टिकची बशी ३४०चा प्रकाश अडवते.

भरताना एएम एस्टर (रंगाचे पेशीत शिरू शकणारे रूप) २ ते ५ मायक्रोमोलर, ०.०२ टक्के प्लुरॉनिक (रंग पाण्यात मिसळायला मदत करणारा पदार्थ), साधारण अर्धा तास. मग धुऊन आणखी २०-३० मिनिटे थांबायचे. पेशीतली एन्झाइमे एस्टर पुरते तोडतात, तेव्हाच रेणू कॅल्शियम धरतो. अर्धवट तुटलेला नुसताच चमकतो. ३७ अंशांवर रंग मायटोकॉन्ड्रियासारख्या कप्प्यांत शिरण्याचा धोका वाढतो, म्हणून खोलीचे तापमान बरे. काही पेशी रंग बाहेर फेकतात. तिथे हे रोखणारे प्रोबेनेसिड लागते.

सर्वांत फसवी चूक जास्त रंगाची. तो स्वतःच कॅल्शियम धरून ठेवतो आणि कॅल्शियमची लाट बुटकी, लांबट दिसते. चित्र मात्र झकास येते!

कॅल्शियमचा नॅनोमोलरमधला आकडा हवा असेल, तर शेवटी पेशीचे आवरण कॅल्शियमला खुले करणारे आयनोमायसिन देऊन भरपूर कॅल्शियममध्ये कमाल आणि कॅल्शियम पकडून ठेवणाऱ्या ईजीटीएमध्ये किमान गुणोत्तर मोजावेच लागते. अशी छायाचित्रे छापताना रंग गुणोत्तराचे आहेत की नुसत्या चमकेचे, एवढे तरी खाली द्यावे.

– पेशीविज्ञानाचे दोन अध्यापक, पुणे