पिवळ्या त्रिकोणाशेजारी पेटवलेली टॉर्च : फ्रीज कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
कंपनीचे मुख्य कार्यालय

प्रत : विभागीय सेवा व्यवस्थापक

विषय : ज्वलनशील गॅसचा फ्रीज बंद स्वयंपाकघरात टॉर्च (नळ्या जोडायचा ज्योतीचा दिवा) पेटवून दुरुस्त करण्याचा प्रयत्न, जॉबशीटवरील खोटी नोंद आणि मराठीत न दिलेल्या सुरक्षा सूचना.

महोदय,

यंत्र आहे, ते कधीतरी बिघडणारच. फ्रीज बंद पडला एवढ्यासाठी मी थेट मुख्य कार्यालयाला लिहिले नसते. तक्रार आहे ती बिघडलेल्या फ्रीजला तुमच्या अधिकृत सेवा केंद्राच्या माणसाने ज्या रीतीने हात लावला त्याची, आणि नंतर कागदावर जे लिहिले त्याची.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमधल्या कितीतरी घरांप्रमाणे आमचाही जुना फ्रीज चिखलात गेला. त्यानंतर तुमच्या कंपनीचा दोन दरवाजांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज घेतला आणि शहाणे होऊन तो सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवला. या पावसाळ्यात खालच्या कप्प्यात गारवा राहीना. सकाळचे दूध संध्याकाळी तापवताना फाटू लागले, कॉम्प्रेसर मात्र थांबायचे नाव घेईना. आत थर्मामीटर ठेवून पाहिला तर १४ अंश. शिजवलेले अन्न टिकायचे तर ५ अंशांच्या आत हवे, हे तुमच्याच पुस्तिकेत आहे. आमच्याकडे प्रश्न आमटीभाताचा नव्हताच. सासूबाईंचे इन्सुलिन याच फ्रीजमध्ये असते आणि न उघडलेल्या पेनना २ ते ८ अंश लागतात. ती मी त्याच दिवशी शेजारी नेऊन ठेवली.

तुमच्या हेल्पलाइनवरच्या मुलीने फ्रीझरमधली कळ शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवायला सांगितले. तसे केल्यावर वर थोडा बर्फ धरला आणि खालचा कप्पा आणखी कोमट झाला. होणारच. या प्रकारच्या फ्रीजमध्ये त्या कळीने थंडी वाढत नाही, वरून खाली येणाऱ्या गार हवेची झडप लहान होते. वरच्याला जास्त द्यायचे तर खालच्याला कमी मिळणार. कळीवरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत हेही कोणी ग्राहकाला सांगत नाही. पण निदान सल्ला देणाऱ्याला तरी ते माहीत असावे.

मग टेक्निशियन आला. तरुण मुलगा, बोलायला चांगला. त्याच्यावर माझा राग नाही. ज्याला शिकवलेच नाही त्याने काय करावे? बाहेर पावसाची झड लागली होती, त्यामुळे खिडक्या बंद. शेगडीवर आमटी उकळत होती. त्याने फ्रीज भिंतीपासून ओढला, कॉम्प्रेसरला हात लावला, "गॅस गेलाय" म्हणाला आणि पक्कडीने कॉम्प्रेसरची गॅस भरायची नळी तोडली. आत उरलासुरला होता तो फुस्स करून स्वयंपाकघरात आला. पाठोपाठ त्याने पिशवीतून ब्रेझिंगची टॉर्च काढली, ओट्यापाशी पेटवली आणि ज्योत बारीक करू लागला.

त्याच्या गुडघ्यासमोर, कॉम्प्रेसरवर, पिवळा त्रिकोण आहे. त्यात ज्योतीचे चित्र आहे. शेजारी छापले आहे : आर-६००ए, ५५ ग्रॅम.

मी ओरडून टॉर्च विझवायला लावली, शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या. त्याचे म्हणणे, "काकी, रोजचं काम आहे. सगळ्या फ्रीजला असंच करतो." त्याचे हे वाक्यच मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ते खरे असावे.

जुन्या फ्रीजमध्ये आर-१२ नावाचा गॅस असे. ओझोनच्या थराला घातक म्हणून माँट्रियल करारानुसार त्या वर्गातले गॅस आपल्याकडे २०१० पर्यंत बंद झाले. आर-१२ च्या जागी बऱ्याच फ्रीजमध्ये आर-१३४ए आला. हे दोन्ही स्वयंपाकघरात पेट घेणारे गॅस नव्हेत, म्हणून नळी तोडा, टॉर्च लावा, सांधा जोडा, असा हात कारागिरांना बसला. पण आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. शेगडीच्या सिलिंडरमध्ये असतो त्याच कुळातला. तो तुम्ही वापरता याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. आर-१३४ए हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. आयसोब्युटेनचा तो त्रास नगण्य, शिवाय वीजही कमी लागते. ५५ ग्रॅम म्हणजे फार नाही, आणि बंद नळ्यांत फिरतो तोवर घरातल्यांना त्याची भीती बाळगायचे कारणही नाही.

पण तो नळीबाहेर आला की हिशेब बदलतो. ५५ ग्रॅमचा साधारण २३ लिटर वायू होतो. हवेत त्याचे प्रमाण १.८ टक्क्यांवर गेले की तो पेटू शकतो. म्हणजे वारा नसेल तर फ्रीजमागच्या सव्वा घनमीटर कोपऱ्याला तेवढा पुरतो. हवेपेक्षा जड असल्याने तो वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. टेक्निशियन टॉर्च घेऊन बसतो तिथेच. आणि सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो, फ्रीजमधल्या गॅसला तो नसतो. गळती लागली तर माझ्या नाकाला ती कळणार नाही. आमच्याकडे दुर्घटना झाली नाही, कारण बराचसा गॅस आधीच गळून गेला होता. याचे श्रेय तुमच्या सेवा केंद्राला देता येत नाही.

एवढ्यावर थांबले नाही. भरायला आणलेला त्याचा सिलिंडर आर-१३४ए चा होता. "कोणताही चालतो, गार होण्याशी मतलब." माझा भाचा आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन शिकवतो, त्याला तिथूनच फोन लावून दिला. एकासाठी बनवलेल्या कॉम्प्रेसरमध्ये दुसरा गॅस घालायचा नसतो, दोघांचे दाब वेगळे आणि कॉम्प्रेसरमधले तेलही वेगळे, हे त्याने सांगितल्यावर मुलाने सिलिंडर पिशवीत परत ठेवला.

आता जॉबशीट. त्यावर नोंद आहे : "ग्राहकाने धारदार वस्तूने फ्रीझर खरवडल्याने गॅस गळती. वॉरंटी लागू नाही." खाली माझी सही मागितली, मी केली नाही. फ्रीझरमधला बर्फ सुरीने खरवडून कॉइलला भोक पाडणे हा प्रकार होतो, मी तो माहेरी पाहिला आहे. पण तो एका दरवाजाच्या साध्या फ्रीजमध्ये, जिथे बर्फाचा कप्पा म्हणजेच गॅसची नळी असलेला पत्रा. तुम्ही मला विकलेल्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ आपोआप वितळवणारा हीटर आहे आणि कॉइल स्क्रूने बसवलेल्या प्लॅस्टिकच्या पॅनेलमागे आहे. ते पॅनेल काढल्याशिवाय सुरी तिथवर पोचणार कशी? आणि पॅनेल काढून बघायची तसदी तर टेक्निशियननेही घेतली नाही. उलट कॉम्प्रेसरजवळच्या सांध्यावर तेलाचा ओशट डाग आहे. गॅसबरोबर तेलही झिरपते, म्हणून गळती शोधताना आधी असा डाग बघतात. त्याचे फोटो सोबत जोडले आहेत. हा सांधा तुमच्या कारखान्यात जोडलेला आहे. माझी सुरी तिथे कधी गेली नाही.

दारावर मोठ्या अक्षरात "१० वर्षे वॉरंटी" असा स्टिकर आहे. ती फक्त कॉम्प्रेसरची. सांधा, गॅस, मजुरी त्यात नाही, हे बारीक अक्षरांत आत आहे. कॉम्प्रेसर ठणठणीत आहे आणि त्यातून फिरवायला गॅस नाही, अशा वॉरंटीचे मी काय करावे ते आपणच सुचवावे.

आता पुस्तिकेबद्दल. ती इंग्रजी आणि हिंदीत आहे. ज्वलनशील गॅसचा इशारा इंग्रजी भागात, भिंगाखाली धरावा अशा टाइपात : नळ्यांना इजा करू नका, हवा खेळती ठेवा, गळतीची शंका आल्यास ज्योत आणि ठिणगी दूर ठेवून खोली मोकळी करा. याच ओळी सासूबाईंना वाचता येतील अशा मराठीत फ्रीजच्या बाजूला चिकटवल्या असत्या तर कंपनीचा खर्च कितीसा वाढला असता?

फ्रीज बसवायला आलेल्या माणसाने तर तो मिक्सरच्या एक्स्टेंशन बोर्डालाच जोडला होता. प्लगचा तिसरा, लांब आणि जाड पाय अर्थिंगचा. तो त्या बोर्डात पूर्ण बसेना, तर म्हणे "तसा चालतो." कोकणातल्या पावसाळ्यात ओल्या पायांनी, ओल्या हातांनी बाई फ्रीज उघडते. बाहेरच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला वाचवणारा तोच तिसरा पाय. आम्ही वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घेतले आणि स्वतंत्र सॉकेट बसवले. मागच्या बाजूला, कॉम्प्रेसरवर, वितळलेले पाणी साचणारा ट्रे असतो, तो रिकामा करून पुसावा हेसुद्धा आम्हाला सांगितले ते डेंग्यूच्या अळ्या शोधत घरोघर फिरणाऱ्या नगरपरिषदेच्या कर्मचाऱ्यांनी. खाऱ्या, दमट हवेत मागचा पत्रा नि नळ्या लवकर गंजतात, दाराच्या रबराला काळी बुरशी धरते आणि फट राहून गारवा निसटतो. किनारपट्टीवर माल विकणाऱ्या कंपनीला हे ठाऊक नसेल असे वाटत नाही. रबर मी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसते, दारात कागद अडकवून घट्टपणा बघते. हे सगळे इकडूनतिकडून गोळा केलेले ज्ञान आहे, तुमच्याकडून आलेले नाही.

माझ्या मागण्या अशा.

जॉबशीटवरची खोटी नोंद रद्द करून गळतीचे खरे कारण लेखी द्यावे. दुरुस्ती कंपनीच्या खर्चाने व्हावी, आणि ती आर-६००ए चे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडून. फ्रीज आधी पडवीत न्यावा. आम्ही उचलू लागू. नळ्यांत गॅस उरलेला असताना ज्योत पेटवू नये, नायट्रोजनने नळ्या धुऊन त्याच्याच दाबावर गळती तपासावी, सांधा शक्यतो ज्योतीविना दाबून बसवायच्या रिंगने जोडावा. नळ्यांतला ओलावा शोषणारा फिल्टर-ड्रायर नवा घालावा, आतली हवा काढणारा व्हॅक्यूम पंप पुरेसा वेळ चालवावा आणि गॅस काट्यावर मोजून ५५ ग्रॅमच भरावा. "अंदाजाने भरतो" हे उत्तर मी ऐकणार नाही. भेटीचे म्हणून घेतलेले शुल्क परत करावे.

याखेरीज एक मागणी माझ्यापुरती नाही. या सेवा केंद्राकडून आर-६००ए च्या फ्रीजची कामे ज्या ज्या घरांत झाली, तिथे कोणता गॅस भरला गेला याची तपासणी करावी आणि त्या ग्राहकांना कळवावे. आमच्या गल्लीतच तुमचे असे आणखी फ्रीज आहेत. आर-६००ए च्या कॉम्प्रेसरमध्ये भलताच गॅस घेऊन एखादा फ्रीज आज कुणाच्या घरात धडधडत असेल. पिवळा त्रिकोण पाहून पुढच्या कारागिराने आत आयसोब्युटेनच आहे असे धरले तर त्याचीही फसगत. मराठी सूचनापत्र छापाल तेव्हा त्याची एक प्रत मला पाठवावी. भाषा तपासून हवी असेल तर फुकट तपासून देईन.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ प्रमाणे वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारे न देणे हेही उत्पादकाच्या दायित्वात येते. सदोष सेवा तर वेगळीच. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून रत्नागिरी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. मी राहते त्या जिल्ह्यात ती करता येते आणि एवढ्या किमतीच्या वस्तूसाठी शुल्कही लागत नाही.

माणूस पाठवण्याआधी फोन करावा आणि कोणता गॅस, कोणती अवजारे घेऊन येणार ते सांगावे. फ्रीज सध्या प्लग काढून, दारे उघडी ठेवून, जागेवरच उभा आहे.

आपली ग्राहक,
चिपळूण, जि. रत्नागिरी
(नाव, पत्ता व मोबाइल क्रमांक पावतीच्या प्रतीवर)

सोबत : खरेदी पावती व वॉरंटी कार्डाच्या प्रती, सही नसलेली जॉबशीट, कॉम्प्रेसरवरील लेबलचे आणि सांध्यावरील तेलाच्या डागाचे फोटो.