अ‍ॅझ्टेकांच्या घरांबद्दलही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अ‍ॅझ्टेकांवरचा, म्हणजे स्पॅनिशांच्या आधी मेक्सिकोत राज्य करणाऱ्या लोकांवरचा लेख वाचला. त्यांची राजधानी तेनोच्तित्लान, तिथलं महामंदिर, नरबळी, कवट्यांची रचना हे सगळं त्यात सविस्तर आहे आणि ते खरंही आहे. मात्र शेवटी 'सामान्य प्रजा दारिद्र्यात पिचलेली होती' असं वाक्य टाकून लेखकाने प्रजेला निकालात काढलं, ते मला फार लागलं. या प्रजेची घरं खणून झालेली आहेत आणि त्यांतून निघालेली हकिगत वेगळी आहे.

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला मोरेलोस राज्यात अ‍ॅझ्टेक काळी कापिल्को नावाचं खेडं आणि कुएश्कोमाते नावाचं छोटं गाव होतं. मायकेल स्मिथ आणि सिंथिया हीथ-स्मिथ या दांपत्याने 1986 मध्ये तिथे उत्खनन केलं. कापिल्कोत उणीपुरी 21 घरं. दगडी जोतं, वर कच्च्या विटांच्या भिंती, आत जेमतेम 15 चौरस मीटर जागा. एका अंगणाभोवती अशी दोन-चार घरं. आत फारसं काही उरलेलं नव्हतं, पण घरामागच्या उकिरड्यात सगळं होतं: फुटके तवे, पाट्या-वरवंट्याचे तुकडे, मातीच्या लहान मूर्ती, खापरांचा खच. शेतकऱ्याच्या या उकिरड्यात दूरच्या पाचूकाहून आलेल्या हिरव्या ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीतल्या काचेची पाती निघाली, परगावची रंगीत भांडी निघाली. पश्चिमेकडून आलेल्या ब्राँझच्या सुयाही सापडल्या. हा माल बाजारातून आलेला. पुढच्या काळात बाहेरचा माल कमी झालेला दिसतो, दिवस कठीण झाले असावेत; तरी ही माणसं बाजारहाट करणारी होती.

सूतकताईचा पुरावा तर खणलेल्या प्रत्येक घरात मिळाला. शाळेत आम्ही टकळीवर सूत काढत असू, त्यामुळे तिथे मिळालेल्या टकळीच्या चकत्यांची छायाचित्रं मी पुन्हा पुन्हा पाहिली. भाजलेल्या मातीची बोराएवढी चकती, मधोमध भोक. कापसाचा तंतू आखूड, म्हणून चकती लहान आणि हलकी. घायपाताच्या जाड तंतूंसाठी मोठी आणि जड. टकळीचं टोक टेकून फिरवायला मातीची छोटी वाटी असे. आमच्याकडे नारळाची करवंटी होती! चकतीच्या वजनावरून त्या घरातली बाई काय कातत होती ते आज पाचशे वर्षांनी सांगता येतं. तेनोच्तित्लानच्या उंच, थंड खोऱ्यात कापूस होत नसे, मोरेलोसच्या उबदार भागात होई. म्हणून खंडणीत मोरेलोसकडून वस्त्रं जात. बाजारात सुती कापड नाण्यासारखं चाले. राजाच्या खजिन्यातलं ते वस्त्र या 15 चौरस मीटरच्या घरांत कातलेल्या सुताचं होतं. ती बाई वगळून अ‍ॅझ्टेक साम्राज्य कसं समजावून सांगणार?

तिचा दिवसही कळतो. चुन्याच्या पाण्यात भिजवलेला मका गुडघ्यांवर बसून पाट्यावर वाटायचा, मातीच्या तव्यावर भाकऱ्या भाजायच्या. चूल तीन दगडांची. साहागुन या स्पॅनिश मिशनऱ्याने सोळाव्या शतकात गावच्या वृद्धांकडून टिपून घेतलं आहे की मुलीची नाळ घरात चुलीपाशी पुरत आणि मुलाची रणांगणावर. मेंदोसा हस्तलिखित या सोळाव्या शतकातल्या अ‍ॅझ्टेक चित्रग्रंथात तर मुलाबाळांच्या वयाप्रमाणे भाकरी ठरलेली आहे: तिसऱ्या वर्षी अर्धी, मग एक, मग दीड, तेराव्या वर्षी दोन. त्याच पानांवर आई मुलीला टकळी धरायला शिकवते आहे, आणि चौदाव्या वर्षी ती मुलगी मागावर बसली आहे. वर्गात मी हे चित्र दाखवायचे, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येऊन बघत.

घरांचं उत्खनन आपल्याकडेही झालं आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी ताम्रपाषाणयुगातली शेकडो वर्षांची घरं, चुली, धान्य साठवायच्या जागा उघड्या केल्या. ते काम वाचलेला माणूस उकिरड्याला कमी लेखत नाही.

माझी विनंती दोन गोष्टींची. दारिद्र्याच्या त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी. आणि कवट्यांचं छायाचित्र जेवढ्या जागेत छापलंत, तेवढ्याच जागेत कुएश्कोमातेच्या एखाद्या घराचा नकाशा आणि सूत कातायची ती चकती छापावी. मजकूर कमी पडला तर मी आनंदाने लिहून देईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा