सर, त्या दिवशी तुम्ही खाली बसला नाहीत त्याबद्दल

सर नमस्कार,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चला लाईन करा" म्हणून विषय उडवता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता उडवून दाखवा.

दोन बाळंतपणं, सासूबाईंचं आजारपण, मग गुडघ्याचं ऑपरेशन, यात कराटे नेमकं कधी सुटलं ते मलाही सांगता येणार नाही. ब्राऊन बेल्ट कपाटात साड्यांखाली. फिजिओने "आता हरकत नाही" म्हटल्यावर मी आधी घराजवळच्या एका क्लासला गेले. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तिथल्या सरांनी आधी फी घेतली, आणि मग मला खाली बसायला जमेना हे बघून सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "मॅडम, तुम्ही तिकडे खुर्चीवर बसा, या वयात योगाच बरा." मागे भिंतीवर आधुनिक कराटेचे जनक फुनाकोशी यांचा पहिला नियम फ्रेम करून लावलेला, कराटे नमस्काराने सुरू होतं आणि नमस्कारानेच संपतं! फ्रेम मात्र छान होती हां, सागवानी.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, क्लास सुरू होताना सगळे रांगेत गुडघे दुमडून टाचांवर बसतात, त्याला सेईझा म्हणतात, डोळे मिटून थोडा वेळ मोकुसो, म्हणजे शांत बसणं, आणि मग पुढे वाकून रेई, म्हणजे नमस्कार. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला तसं बसणं म्हणजे शिक्षाच. किक परवडली.

तर फोंड्याला तुमच्याकडे आले तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता, माशेलहून येईपर्यंत अर्धी भिजलेली, हॉलची लादी दमट, आणि मी व्हाईट बेल्ट बांधून सगळ्यात शेवटी उभी. सीनियर पोरगा ओरडला "सेईझा!" आणि पोरं धडाधड खाली, मी अर्धवट वाकून तशीच, पोटात गोळा, आता परत तेच होणार. तुम्ही समोर एक गुडघा टेकवला पण होता सर. तुमची नजर रांगेवरून फिरली, माझ्यावर थांबली असंही नाही, आणि तुम्ही सरळ उभे राहिलात, गी, म्हणजे कराटेचा ड्रेस, झटकलात आणि म्हणालात, "आज उभ्याने."

बस, एवढंच. पोरं उठली, उभ्यानेच मोकुसो, उभ्यानेच रेई. कोणी मागे वळून बघितलं नाही कारण कशासाठी ते कोणाला कळलंच नाही. मोकुसोत डोळे मिटलेले असतात हे माझं नशीब, नाहीतर रडताना सापडले असते. पुढच्या क्लासलाही उभ्याने, त्याच्या पुढच्याही. आता तर नवीन पोरांना वाटतं तुमच्याकडची पद्धतच ती.

मग हेइआन शोदान. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली, हा 21 हालचालींचा, पोरं शिकतात तो पहिलाच. क्रम अंगाला पाठ होता हो, हात आपोआप गेले! पण तिसऱ्या आगे-उकेनंतर, म्हणजे हात वर नेऊन वार अडवतात त्यानंतर, उजव्या पायावर ती पाऊण गिरकी येते, आणि माझा ऑपरेशनचा गुडघा नेमका उजवा. तुम्ही शेजारून जाता जाता म्हणालात, "दोन पावलं टाकून वळ, गिरकी नंतर बघू, किआई मात्र कमी नको." किआई म्हणजे वार करताना मारायची आरोळी. एकदम "वळ" म्हणालात, "वळा मॅडम" नाही, तेही बरं वाटलं.

मला वाटतं काही माणसांना समोरच्याची अडचण दिसते आणि ती दिसली हे दाखवायची त्यांना गरज वाटत नाही. आमच्या रूटवरचा एक कदंबा बसचा कंडक्टर तसाच आहे, म्हातारी बाई सीटवर टेकेपर्यंत बेल मारत नाही, मागून लोक "चल रे" करत असतात तरी. अशा लोकांचे फोटो कुठे लागत नाहीत, आणि टूर्नामेंटच्या बॅनरवर कोण असतं ते आपण बघतोच, जाऊ दे, परत तोंड सुटेल माझं.

गिरकी अजून पूर्ण जमत नाही, पण पावलं दोनाची दीड झालीत असं माझं म्हणणं आहे, तुम्ही मान्य करत नाही तो भाग वेगळा. चतुर्थीच्या सुट्टीनंतर भेटू. नेवऱ्या आणतेय, डबा आधी तुमच्या हातात देईन, पोरांच्या तावडीत सापडला तर तुम्हाला वासच मिळेल.

तुमची शेवटच्या रांगेतली