वापरलेली वस्तू भेट द्यावी, पण विहिणीलाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेल्या आठवड्यात एका भगिनींनी, नातवाच्या बारशाला नात्यातल्या एका कुटुंबाने वापरलेला पाळणा भेट दिल्याबद्दल नाराजी व्यक्त केली होती. 'आम्हाला नवा पाळणा परवडत नाही असे त्यांना वाटले की काय' हा त्यांचा प्रश्न मला समजतो, कारण असा सल एकदा मनात गेला की लवकर निघत नाही. परंतु या तक्रारीसाठी त्यांच्या वाट्याला पाळणाच यावा, याचे मला नवल वाटले. आपल्याकडे अनेक घरांत बाळाच्या अंगावर पहिले कापड जुनेच घालतात. आजीच्या सुती लुगड्याची दुपटी केली जातात आणि ज्या घरातली मुले धडधाकट वाढली तिथली अंगडी-टोपडी मुद्दाम मागून आणली जातात. त्यामागे दृष्ट लागू नये ही समजूत असेल, पण शहाणपणही आहे. शंभर वेळा धुतलेल्या कापडातली खळ निघून गेलेली असते, शिवणी मऊ पडलेल्या असतात आणि ते बाळाच्या कातडीला टोचत नाही. पाळण्याचे तर विचारूच नका. एकाच पाळण्यात बाप, आत्या, चुलतभाऊ आणि मग नातू झोपल्याचे कौतुक ऐकवणाऱ्या आज्या आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या आहेत.

तेव्हा जुने म्हणून वाईट, असे आपण पूर्वापार मानत आलो आहोत हे काही खरे नाही. उलट करकरीत नवे म्हणून जे आपण देतो त्याकडे एकदा नीट पाहावे. हळदीकुंकवात आणि लग्नकार्यात मिळणारा ब्लाउजपीस घ्या. तो बहुधा तोकडा असतो, पातळ असतो, पहिल्याच धुण्यात रंग सोडतो आणि मध्यम बांध्याच्या बाईचे पोलकेसुद्धा त्यात बसत नाही. ते कापड शिवण्यासाठी नसतेच, ते फिरण्यासाठी असते. माझ्या कपाटात अशा तुकड्यांचा एक गठ्ठा आहे आणि तो कधी वाढतो, कधी कमी होतो, परंतु त्यातला एकही तुकडा आजवर शिंप्याकडे गेलेला नाही. संक्रांतीच्या वाणातल्या प्लॅस्टिकच्या डब्या आणि गाळण्या यांचीही तीच गत. एके काळी प्रत्येक लग्नात येणारे लेमन सेट आठवत असतील, तर एकाच रंगीत कागदात ते किती उंबरठे फिरत हेही आठवत असेल. या वस्तूंना कोणी हात लावलेला नसतो, म्हणून त्या नव्या. त्या कोणालाच नको असतात, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो.

मग वापरलेल्या वस्तूची आपल्याला लाज का वाटते? माझ्या मते याचे कारण वस्तूत नाही, ती आपण आजवर कोणाला देत आलो त्यात आहे. नवी वस्तू बरोबरीच्यांना आणि वरच्यांना, जुनी वस्तू खालच्यांना, हा आपला अलिखित नियम आहे. जुन्या गावगाड्यात तर प्रेतावरचे वस्त्रसुद्धा महारांच्या 'हक्का'त मोडत असे, आणि अशा गोष्टीला हक्क म्हणण्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावरांचे मांस आणि शिळे-उष्टे तुकडे यांचा त्याग करण्याचे आवाहन केले, ते देण्याघेण्यातली ही उतरंड नेमकी ओळखून. उतरलेले कपडे घेणारा तो खालचा, हे समीकरण आपल्या मनात इतके खोल रुतले आहे की नात्यातल्या माणसाने प्रेमाने पाळणा दिला तरी आपल्याला आधी त्यात आपली पायरी दिसते. त्या भगिनींना दुखावले ते पाळण्याने नव्हे, या पायरीने.

हे लिहिण्याचा अधिकार मला माझ्याच एका चुकीमुळे मिळाला आहे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला आम्ही नवा मिक्सर घेतला आणि जुना आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंना 'दिवाळीची भेट' म्हणून दिला. त्याचे चटणीचे भांडे व्यवस्थित होते, मोठ्या भांड्याखालचा कपलर मात्र झिजलेला होता आणि पाते मधूनच अडकत असे. हे मला ठाऊक होते, पण 'करून घेतील त्या' अशी मी मनाची समजूत घातली. चार दिवसांनी भांडी घासता घासता त्या मान वर न करता म्हणाल्या, "ताई, दुरुस्तीवाला साडेचारशे सांगतोय. टाकू का तेवढे?" त्यांच्या स्वरात राग नव्हता. त्या खरोखरच माझा सल्ला विचारत होत्या. दिवाळीचा एक पगार मी वेगळा दिला होता, एवढेच माझे समाधान. तो मिक्सर भेट नव्हता, साडेचारशे रुपयांचे बिल होते आणि ते मी रंगीत कागदात गुंडाळून दुसऱ्याच्या हातात ठेवले होते. माझ्या होणाऱ्या विहीणबाईंना मी तो मिक्सर दिला असता का, असे त्या रात्री मी स्वतःला विचारले. दिला नसता, आणि यदाकदाचित दिलाच असता तर आधी कपलर बदलून घेतला असता.

देण्याच्या या खोटेपणाची आपल्या परंपरेला जाण नव्हती असेही नाही. कठोपनिषदाच्या आरंभीच नचिकेत्याचा बाप सर्वस्व दान करण्याचा यज्ञ मांडतो आणि दक्षिणा म्हणून गायी देतो. त्या गायी कशा, तर पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या, दूध देऊन झालेल्या आणि पुन्हा विण्याची ताकद नसलेल्या. मग मुलगा विचारतो, "बाबा, मला कोणाला देणार?" बाप चिडून "मृत्यूला" म्हणतो, मुलगा खरोखरच यमाकडे जातो आणि त्या दोघांच्या संवादातून पुढचे सारे उपनिषद घडते. आपण यमाच्या संवादाची थोरवी गातो, पण ज्या भाकड गायींमुळे तो संवाद झाला त्यांच्याकडे फारसे पाहत नाही. त्या गायी केवळ म्हाताऱ्या होत्या म्हणून ते दान खोटे ठरले नाही. त्यांच्यापासून काहीच मिळणार नाही हे देणाऱ्याला माहीत होते आणि तरीही त्याला दानाचे पुण्य हवे होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला तेव्हा आमच्या सोसायटीत जमलेल्या कपड्यांची निवड करायला मी बसले होते. एका पिशवीत जरीची साडी निघाली, तिचा पदर फाटलेला होता. दुसरीत मुलांचे शर्ट होते आणि त्यांची बटणे काढून घेतलेली होती. बटणे काढून घेणाऱ्या गृहिणीला काटकसर येत होती यात शंका नाही! निम्मा ढीग आम्ही पायपुसण्यांसाठी बाजूला काढला.

याउलट एका वापरलेल्या वस्तूची गोष्ट सांगते. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नात मी माझ्या आजीचे पितळी पातेले दिले. त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी आजीचे नाव आणि १९५८ हे साल ठोकलेले आहे आणि बुडाजवळ एक पोचा आहे. तशा स्थितीत ते दिले असते तर तीही अडगळच ठरली असती. मी ते कसबा पेठेतल्या तांबट आळीत नेले, तिथल्या कारागिराने पोचा जमेल तितका काढला आणि कल्हईवाल्याचा पत्ता दिला. भट्टीवर पातेले तापले, नवसागराची पूड पडताच पांढरा धूर उठला, आणि कथिलाची कांडी टेकवून कल्हईवाल्याने वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून अशा काही सफाईने पसरले की काळवंडलेले पातेले मिनिटभरात चांदीसारखे झाले. पातेल्यात मी एक चिठ्ठी ठेवली. हे कोणाचे, किती जुने, पोचा कुठे आहे, यात आंबट पदार्थ ठेवू नयेत आणि कल्हई उडाली की पुन्हा करून घ्यावी, एवढाच मजकूर होता. माझा खर्च एका साध्या डिनर सेटहून कमी झाला, दोन दुपारी मात्र गेल्या. भाची त्यात दर रविवारी मसालेभात करते आणि फोटो पाठवते.

काही वस्तू कितीही प्रेमाने दिल्या तरी जुन्या देऊ नयेत, हे मान्य केले पाहिजे. एकदा आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतून निकामी झालेले असू शकते. कुकर द्यायचाच तर रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवे घालूनच द्यावा. मोबाइल देताना आपली खाती त्यातून काढून टाकावीत, नाहीतर घेणाऱ्याला तो कित्येकदा चालूच करता येत नाही आणि तो आपल्याला विचारायलाही संकोचतो. शाळेच्या पुस्तकांचे मात्र मला फार वाईट वाटते. वरच्या वर्गातल्या मुलाची पुस्तके ब्राऊन पेपरचे नवे कव्हर घालून खालच्या वर्गातल्या मुलाला देणे ही कित्येक पिढ्यांची जूनमधली भेट होती. २०२३-२४ पासून काही इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांतच लिहिण्यासाठी कोरी पाने घातली गेली. दप्तराचे ओझे कमी करण्याचा हेतू चांगला होता, परंतु लिहिलेले पुस्तक धाकट्याला कसे देणार? पुढे तो निर्णय मागे घेतला गेला, हे बरे झाले.

त्या भगिनींना माझी विनंती आहे की पाळण्याच्या दोऱ्या, कड्या आणि सांधे एकदा तपासून घ्यावेत, आणि देणाऱ्यांना फोन करून त्या पाळण्यात आजवर कोण कोण झोपले हे विचारावे. त्यांनी तो आपल्याला नातलग मानून दिला की गरजू मानून दिला, हे त्या उत्तरावरूनच कळेल.

येत्या मार्गशीर्षात माझ्या मुलाचे लग्न आहे. 'कृपया आहेर आणू नये' या छापील वाक्याऐवजी 'घरातली वापरलेली, चालू स्थितीतली वस्तू आनंदाने स्वीकारू' असे पत्रिकेवर घालावे, असे मी सुचवले आहे. घरात यावर मतभेद झाले, आणि पाहुणे भंगार आणून टाकतील अशी भीती मुलाच्या वडिलांनी व्यक्त केली, ती अगदीच निराधार नाही. शेवटी मी विहीणबाईंना फोन करून त्यांचे मत विचारले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आमच्याकडे सासूबाईंचं पितळी घंगाळ आहे. एक कडी निखळली आहे, ती बसवून दिली तर चालेल ना?"

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे ३०